खिडकीकडची रांग

गाण्याच्या बाईंचा तास शाळा सुटायच्या आधीचा, शेवटचा. भिंतीकडची मुलं लांबलचक ओळ एका दमात म्हणायची आणि खिडकीकडची अर्ध्यातच गळपटायची. कुणी खोकायचं, कुणी डोळे चोळायचं. यांचं लक्षच बाहेर, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

एकदा वैतागून त्यांनी रांगांची अदलाबदल केली. आठवडा सरायच्या आत हुशार रांग खोकायला लागली आणि आळशी रांग खणखणीत गायला लागली. बाई हातातला खडू तसाच धरून बघत राहिल्या. मुलांचा दोष नव्हता तर. मग कशाचा?

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच खिडकीशी बसल्या. तास संपेपर्यंत घसा खवखवायला लागला, डोकं जड झालं. त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. भिंतीला खेटून शाळेची बस घरघरत उभी होती. नुसतीच उभी.

बाईंची धाकटी बहीण छातीच्या दवाखान्यात तपासण्या करायची. तिला त्यांनी घरी गेल्या गेल्या गाठलं.

"धूर दिसला का, ताई?"

"नाही गं. वास तेवढा."

"दिसत नाही म्हणून बाधत नाही असं थोडंच आहे. मुलांची फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि श्वासही ती आपल्यापेक्षा भरभर घेतात."

मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारून बहीण दम मोजायची, फुंकायची एक नळी घेऊन आली. जोरात फुंकलं की तिच्यातला काटा पुढे सरकायचा. मुलांना खेळच मिळाला. सकाळी सगळ्यांचा काटा ठीक होता. शेवटच्या तासानंतर खिडकीकडच्या बऱ्याच जणांचा मागे आला.

"एवढ्यानं काही सिद्ध होत नाही," बहीण म्हणाली, "पण खाली जाऊन विचारायला हरकत नाही."

खाली बसकाका दाराशी उभे होते. मुलांशी थट्टा केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

"काका, बस उभी असताना इंजिन चालू का ठेवता?"

"एसीसाठी, बाई. लेकरं घामाघूम होऊन येतात. गार बस मिळाली की कशी खुलतात."

चार शब्द सुनावायचे म्हणून आलेल्या बाईंचा आवाज खाली आला. त्यांनी सगळं सांगितलं. काका हसले. "माझ्या बसच्या धुरानं? मग मी कधीच आटपायला हवा होतो." हसता हसता त्यांना ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना.

बहिणीनं नळीचं तोंड बदलून ती पुढे केली. "तुम्ही फुंकता का?"

"आणा. पोरांना दाखवतो कसं फुंकायचं ते."

काटा जेमतेम हलला. काकांनी नळी उलटसुलट करून पाहिली. "ही बिघडलीय."

पुन्हा फुंकलं. काटा तिथेच.

"विडी, सिगारेट?"

"कधी शिवलो नाही."

"आणि बसवर कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून." त्यांनी नळी परत दिली. मग आत चढून त्यांनी किल्ली फिरवली. घरघर थांबली.

बाकीच्या ड्रायव्हरांना काकांनीच समजावलं. "माझ्यासारखं खोकायचं असेल तर ठेवा चालू." बसगाड्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, इंजिन बंद करून उभ्या राहायला लागल्या. तापलेल्या बसमध्ये मुलांनी काही दिवस कुरकुर केली. खिडकीकडचा खोकला पुष्कळ कमी झाला. पुरता गेला नाही, कारण कुंपणापलीकडे मोठा रस्ता होताच. एका मुलीला दमा निघाला. तिचं औषध सुरू झालं. काकांचीही रीतसर तपासणी झाली. गेलेला दम परत येणार नाही, आहे तो सांभाळता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रोज ओढायचा पंप दिला.

पुढच्या वेळी बहीण शाळेत आली तेव्हा काका तिची वाटच बघत होते.

"सिग्नलला माझ्यापुढे ट्रक उभा असतो, तेव्हा बसच्या आत काय येत असेल हो?"

"कधी मोजलं नाही," ती म्हणाली.

"मग बसा की आज." त्यांनी आपल्या मागची जागा दाखवली.

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. "सरक गं," त्या बहिणीला म्हणाल्या, "मीपण येते."