बारा मिनिटांचा सांभाळ

सातवा महिना लागला तोवर तयारीच्या वहीची बावीस पानं भरली होती आणि तिच्या पायांना सूज आली होती. वही नवऱ्याची. एरवी माणूस साधा, भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारा; पण बाळाची चाहूल लागली आणि त्याच्यात एकदम कारकून जागा झाला. दवाखान्याचा खर्च, दुपटी, लंगोट, घरभाडं वाढलं तर काय, नाही वाढलं तर काय. तीन पगारांइतकी शिल्लक त्यानं बाजूला काढली होती, आणि मोह नको म्हणून पासबुक बहिणीच्या कपाटात ठेवायला दिलं होतं. पाळणाही बहिणीकडूनच आला. तिच्या तीन पोरांनी त्याचे गज चावून चावून गुळगुळीत केले होते, पण पाळणा डगमगत नव्हता, एवढं बास होतं.

सगळं झालं होतं. राहिली होती बारा मिनिटं.

त्याचं असं होतं. दोघं एकाच कारखान्यात, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या, आणि एकाच मशीनवर. बाटली भरून आली की तिला बूच बसवायचं मशीन. तो सकाळी सहा ते दोन, ती दोन ते दहा. तिथला पट्टा शिफ्ट बदलताना काही थांबत नाही. म्हणून नियम असा, की पुढच्या शिफ्टचं माणूस येऊन मशीनसमोर उभं राहत नाही तोवर आधीच्यानं जागा सोडायची नाही. ह्याला चार्ज देणं म्हणतात. त्यांचं लग्नही ह्या चार्जमधूनच जमलं. दोन वर्षं तो तिला रोज दुपारी दोन वाजता "डावीकडची बुचं तिरकी बसतायत, लक्ष ठेवा" असं सांगत होता, आणि एके दिवशी बुचं सरळ बसत असतानाही तो तेच म्हणाला. लाइनवरच्या बायकांनी तिला त्यावरून वर्षभर छळलं.

आता बाळ. तिची रजा संपल्यावर ती सकाळभर बाळाजवळ, तो दुपारनंतर. कुणाचे उपकार नकोत, कुणाला पैसे नकोत. वहीच्या अकराव्या पानावर हे लिहून त्यानं खाली दोन रेघा मारल्या होत्या. घर ते कारखाना बसनं चाळीस मिनिटं, तर ती बाळाला घेऊन गेटपर्यंत येईल, तो गेटवर बाळ घेईल आणि घरी जाईल. रेघा मारून झाल्यावर आठवडाभरानं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तो गेटवर येणार कसा? ती मशीनपाशी पोहोचल्याशिवाय त्याला हलता येणार नाही, आणि बाळाला आत न्यायला परवानगी नाही. ती गेटवरून आत जाणार, हजेरी लावणार, टोपी-हातमोजे चढवणार, चार्ज घेणार, मग तो बाहेर निघणार. तेवढी बारा मिनिटं बाळ कुणाकडे?

पाळणाघरवाली म्हणाली, चालायला लागलं की आणा. सासूबाई मोठ्या दिरांकडे दुसऱ्या गावी, त्यांचे गुडघे गेलेले. शेजारचं जोडपं सकाळी कुलूप लावून जातं ते संध्याकाळी येतं. फोरमनला विचारावं, तर त्याचं नावच मुळी लाइनवर 'पाचमिनिटे' पडलेलं. काहीही विचारा, "पाच मिनिटं थांबा, सांगतो" म्हणतो, आणि ती पाच मिनिटं कुणाच्या हयातीत संपल्याचं ऐकिवात नाही.

राहता राहिला गेटवरचा वॉचमन. त्याला सगळे फौजदार म्हणत. तो कधी पोलिसात नव्हता, पण मिशा होत्या.

"बारा मिनिटं ना? बसतो की घेऊन," फौजदार म्हणाला. "माझी चार मोठी झाली."

"तुम्ही केलीत मोठी?" तिनं विचारलं.

"घरात होतो ना मी," फौजदार म्हणाला.

नवऱ्याचं मत पडलं, आधी तालीम करून बघू. म्हणून तीन किलो तांदूळ एका दुपट्यात घट्ट बांधले, आणि ते गाठोडं घेऊन ती सोमवारपासून बसनं येऊ लागली. एक पोटात, एक खांद्यावर. बसमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी उठून जागा दिली आणि दुपटं बाजूला करून बाळाचं तोंड बघायला वाकल्या. तिला इतकी लाज वाटली, की ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत आली. पाय असे भरून आले, की त्या दिवशी आठही तास ती एक पाय दुसऱ्यावर ठेवून बगळ्यासारखी उभी होती.

गाठोडं फौजदाराकडे दिल्यापासून नवऱ्यानं ते उचलेपर्यंत पहिल्या दिवशी बारा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी दहा. नवऱ्यानं वहीत लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती चार्ज घेत असतानाच मशीन अडकलं. फुटलेल्या बाटलीची काच साच्यात गेली होती. मशीन बंद असताना चार्ज देता येत नाही, तोही नियमच. दोघं वाकून चिमट्यानं काचा काढत बसले.

"तू जा रे," ती म्हणाली.

"कसा जाऊ? चार्जची सही कोण करेल?"

"तिकडे ते..."

"अगं, तांदूळ आहेत ते."

हे त्यानं सहज म्हटलं आणि मग दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत काचा वेचू लागले. चाळीस मिनिटं गेली.

चारच्या चहाच्या सुट्टीत ती गेटवर गेली. फौजदारानं टेबलाखालून वर्तमानपत्राची पुडी काढून दिली. अर्धेअधिक तांदूळ तीत होते, मातीसकट.

"ट्रक आला हो ताई. फाटक उघडायला उठावंच लागलं. गाठोडं खुर्चीवर ठेवलं, ते घरंगळलं. तुमच्या मिस्टरांनी दुपटं नेलं, हे मी नंतर झाडून भरलं."

तिनं पुडीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"बाळ असतं तर मी उठलोच नसतो," फौजदार म्हणाला. मग मिशीवर हात ठेवून थोडा विचार केला त्यानं. माणूस खोटं बोलणारा नव्हता. "पण मग ट्रक आत कुणी घेतला असता, ते सांगता येत नाही."

तिला त्याचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही त्राण लागतं. ती पुडी घेऊन परत आली आणि दहापर्यंत बुचं बसवत राहिली.

रविवारी नणंद आली. लहान झबल्यांची पिशवी आणली होती. झबली सोफ्यावर मांडता मांडता तिला तांदळाची हकीकत कळली आणि ती हसून हसून लाल झाली.

"वहिनी, कशाला जिवाचे हाल करून घेता?" डोळे पुसत ती म्हणाली. "सोडा ती नोकरी. दोन वर्षं घरी बसा. एवढं साधं आहे."

"मी पण तो हिशेब काढून ठेवलाय," नवरा म्हणाला आणि त्यानं वही उघडून पुढे केली. पान सतरा. मथळा होता, 'ती घरी राहिली तर'. त्याखाली भाडं, दूध, औषधं, सगळं बारीक अक्षरात. शिल्लक पाच महिने पुरेल, सहाव्यापासून ओढाताण, असं शेवटी लिहिलं होतं.

तिनं ते पान वाचलं. मग अठरावं उलटलं, एकोणिसावं उलटलं. बाविसाव्यापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून आली.

"काय शोधतेस?"

"तू घरी राहिलास तर. ते पान कुठाय?"

तो हसला. नणंदही हसली. ती हसत नाहीये हे आधी नणंदेच्या लक्षात आलं आणि ती झबल्यांच्या घड्या घालू लागली.

"अगं, असं कसं?" तो म्हणाला.

"नऊ वर्षं झाली मला. मी कायम आहे, तू अजून कंत्राटावर आहेस. मशीन तेच, काम तेच, आणि पगार माझा दीडपट. रजा मला मिळते, दवाखान्याचे पैसे मला परत मिळतात. एवढा लिहितोस, बेरीज-वजाबाकी करतोस, एकदाही मनात आलं नाही तुझ्या?"

"नाही," तो म्हणाला. "खरंच नाही आलं."

तो खरं बोलत होता आणि तिला तेच झोंबलं. भांडला असता तर बरं झालं असतं. बावीस पानांत त्यानं पाळण्याच्या मच्छरदाणीचा विचार केला होता, बाळाला दूध पचलं नाही तर त्याचा केला होता, आणि ही एवढी गोष्ट त्याच्या समोरून गेली तरी दिसली नव्हती.

"लोक नावं ठेवतील दादाला," नणंद घड्या घालत हळूच म्हणाली.

"ठेवू देत," ती म्हणाली. "माझ्या नोकरीवर पाणी पडलं असतं, तर कुणी काही म्हटलं नसतं."

नवरा पेन घेऊन बसला. नणंद चहा घेऊन गेली. जेवण झालं, भांडी झाली. ती आडवी पडली तेव्हाही तो बसलेलाच होता. त्यानं काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही. तिला भीती वाटत होती की तो नाही म्हणेल. आणि दुसरी एक भीती होती, तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं अशी.

सोमवारी दोनला ती मशीनपाशी गेली. खांद्यावर आज काही नव्हतं. तो जागेवर उभा होता, कान लालबुंद.

"पाचमिनिटेला सांगितलं," तो म्हणाला. "तुझी रजा संपेल त्या दिवशी माझं काम बंद. कंत्राटी माणूस, त्याला काय, एका ओळीत झालं."

"काय म्हणाला?"

"आधी पाच मिनिटं हसला. मग लाइनवर सांगितलं. मग लाइन हसली." त्यानं हातमोजे काढले. "आता झालं हसून."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छाती भरून येईल. जिंकली होती ती. आणि जिंकलं काय, तर हे मशीन, हा फरशीचा तुकडा आणि रोजचे आठ तास. बाळ घरी पहिल्यांदा कुशीवर वळेल, तेव्हा ती इथे डावीकडची बुचं बघत उभी असेल. कमरेपासून खालचं सगळं अंग ठणकत होतं. डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलंच नाही. टोपी नीट करायच्या निमित्तानं तिनं ते पुसलं.

"आता काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "तुझ्या मनासारखं झालं ना?"

"मलाही घरी राहायचं होतं रे," ती म्हणाली. "दमलेय मी. खूप दमलेय."

तो बघतच राहिला. "मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर तू सतरावं पान धरून लगेच हो म्हणाला असतास."

त्यानं चार्जच्या वहीत सही केली, पेन तिच्या हातात दिलं आणि तिची सही होईपर्यंत तिच्या बाजूला उभा राहिला.