'चालते' सोडून

माधवीने सॅक उतरवली, आत एका बाजूला कलंडलेली तांदळाची पिशवी सरळ केली आणि पट्टे पुन्हा आवळले. सहा किलो तांदूळ. पाचही जणांच्या पाठीवर तेवढाच होता. तो घेऊन पहाड चढायचा, उतरायचा, आणि परत आल्यावर त्यातलाच तांदूळ गावात शिजायचा. उरेल तो गावातल्या बायकांच्या गटाला. वजनासाठी दगड काऊन वाहायचे, असं त्यांना पहाडावर नेणाऱ्या रुखमाने फोनवरच सांगितलं होतं.

वाट जिथे झाडीत शिरत होती तिथे वाळक्या डहाळ्यांचा एक ढीग होता. पुढे चालणाऱ्या सुकलूकाकांनी, म्हणजे रुखमाच्या काकांनी, खाली पडलेली एक डहाळी उचलून त्यावर ठेवली. जंगलात शिरताना ठेवतात, एवढंच ते म्हणाले. मग एकेकाने ठेवली. साडेआठ वाजले होते. त्याआधी आत शिरायचं नाही, ही अट ग्रामसभेनं परवानगी देतानाच घातली होती. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या शिवारात वाघाने बैल मारला होता.

"नियम एकच," रुखमा म्हणाली. "मी दर थांब्यावर विचारीन, कसं वाटते. काई पण सांगा. पाय दुखते, भूक लागली, रुखमा लय बोलते. पण 'चालते' नाई म्हणायचं. जो म्हणन, त्याच्यासाठी सगळे दहा मिनिटं बसतीन."

"एवढं काय त्या शब्दात?" दिनेशभाऊंनी विचारलं. ते कोरपन्याकडचे, सिमेंटच्या कारखान्यात सुपरवायझर. सहा महिने रोज पहाटे धावून आले होते, ते दिसतही होतं.

"वरतं, चवदा हजार फुटावर, माणसाचं डोकं फुटून राह्यते आन तो म्हणते चालते. दोन घंट्यानं तो चालतच नाई."

सगळे हसले. रुखमा हसली नाही.

तिला चोविसावं चालू होतं. आश्रमशाळेत असताना गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली, आणि या डोंगराखालची मुलगी बर्फाच्या डोंगरांवर जाऊन पोचली ती तिथलीच झाली. आता ती दर उन्हाळ्यात उत्तराखंडात माणसं घेऊन जायची. एका वेळी आठच. तिथल्या हमालांच्या पाठीवरचं ओझं ती स्वतः तोलायची, आणि प्रत्येकाचा कचरा त्याच्याच पिशवीत खाली आणायला लावायची. धान कापायला मात्र घरी यायची, आणि मेमधल्या फेरीसाठी नाव दिलेल्यांना जानेवारीत एकदा या पहाडावर चालवायची. कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही, ते ती संध्याकाळी सांगणार होती.

माधवी तिला भेटली ती चंद्रपूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. माधवी तिथे टेक्निशियन. रक्त काढताना तिने सहज विचारलं, उंचावर हिमोग्लोबिन वाढतं म्हणतात, ते खरं का. रुखमाने तिलाच उलट विचारलं होतं, स्वतः येऊन पाहता का. त्या रात्री माधवीने नवऱ्याला, कुलदीपला, हे हसत सांगितलं. तो हसला नाही. जा ना, म्हणाला.

बारा दिवस. त्यातले सहा दिवस फोन लागणार नव्हता. आणि त्यांची रोशनी पावणेचार वर्षांची होती.

पहिला थांबा मोहाच्या झाडाखाली झाला. रुखमाने एकेकाला विचारलं. माधवीने सांगितलं, डावी टाच घासते आहे, पाणी चार घोट झालं, श्वास ठीक, उजव्या खांद्यावर पट्टा जास्त ओढतो.

"बाई, लॅबचा रिपोर्ट देऊन राह्यल्या काय?" दिनेशभाऊ म्हणाले. "जेवणाआधीचा की जेवणानंतरचा?"

"तुमचं कसं भाऊ?" रुखमाने विचारलं.

"आपलं काय. चालते."

सगळे बसले. दहा मिनिटं. खाली बांधाबांधातून लाखोळीचं पीक निळं फुललं होतं, आणि शेतातल्या बोड्यांचं, म्हणजे छोट्या तळ्यांचं, पाणी उन्हात चमकत होतं. माधवीने मोजा काढून टाचेला चिकटपट्टी लावली. बसायला मिळालं ते तिला आवडलंच. दुसऱ्या थांब्यावर दिनेशभाऊंनी पुन्हा तेच केलं, तेव्हा सोबतची एक मास्तरीण म्हणाली की यांच्या कृपेने पहाड उद्या सर होईल. सुकलूकाका तोंडावर हात धरून हसले. दिनेशभाऊंनाही हसू आलं. पण तो शब्द त्यांच्या तोंडून असा निघायचा, जशी खिशात हात घातल्यावर किल्ली लागते.

माधवीला तो शब्द ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी ती एका प्रशिक्षणासाठी नागपूरला गेली होती. दुपारी घरी फोन केला तर कुलदीप म्हणाला, चालते, खेळून राह्यली. रात्री आठला ती घरी आली. रोशनी झोपली होती, आणि तिच्या इवल्याशा हातावर सलाईनच्या पट्टीचा चौकोनी वळ होता. ताप चढून झटका आला होता. कुलदीपने दहा मिनिटांत दवाखाना गाठला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात तापात होतं कधीकधी, घाबरायचं नाही. सगळं नीट झालं होतं. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. फक्त तिला सांगितलं नव्हतं. त्यानंतर माधवी एकही रात्र घराबाहेर राहिली नाही, आणि का राहत नाही हे दोघंही कधी बोलले नाहीत.

अर्ध्या वाटेवर एक काळा सपाट दगड होता. गावातले त्याला टावरचा दगड म्हणायचे, कारण पहाडावर फोन फक्त तिथेच लागायचा. माधवी त्यावर चढली. साडेदहा वाजले होते.

"काय करून राह्यली रोशनी?"

"चालते," कुलदीप म्हणाला. अगदी हळू आवाजात.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं चालते. तू आरामात चढ."

मागे टीव्हीचा आवाज नव्हता. रविवारची सकाळ, आणि कार्टूनचा आवाज नाही. रोशनीचाही नाही. माधवी आणखी काही विचारणार तोच फोन कटला, आणि खालून कोणी तरी तिला उतरायला हात दिला.

पुढची चढण तिला नीट आठवणार नव्हती. दोनदा ठेच लागली. मास्तरीण तिला शेंगदाणे देत होती ते तिने हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले. माथ्यावर वारा होता. दूरवर नदीची पांढरी रेघ दिसत होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर घाम आणि आनंद होता. रुखमाने एकेकाला विचारायला सुरुवात केली. दिनेशभाऊ या वेळी म्हणाले, मांड्या भरून आल्या. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

"आन तुमचं, ताई?"

"चालते," माधवी म्हणाली.

क्षणभर कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग दिनेशभाऊंनी सॅक धपकन खाली टाकली.

"बसा आता. लॅबनं पण चालते म्हटलं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा विनोद केला नाही. सगळे थोडे दूर, सावलीत जाऊन बसले. रुखमा माधवीशेजारी बसली. तिने बुटातला खडा काढला, बूट आपटला, पुन्हा घातला. तेवढ्या वेळात माधवीने तिला सगळं सांगितलं. नागपूर, तो चौकोनी वळ, आणि आत्ताची ती शांतता.

"पायाचं तर मले सकाळीच समजलं," रुखमा म्हणाली. "चांगले हायेत. पण वरतं सहा दिवस टावर नाई, ताई. अर्धा माणूस घरी ठेवला, तर मी फक्त अर्ध्यालेच वर नेऊन राह्यली. तसं नेत नाई मी कोणाले."

माधवीने मान हलवली. हातातल्या शेंगदाण्यांचं तिला आता भान आलं. तिने ते एकेक करून खाल्ले. आपल्याला नाही म्हटलं गेलं आहे, हे तिला कळलं, आणि ते खरं आहे, हेही.

"मागच्या वर्षी एक साहेब होते," रुखमा म्हणाली. "मी त्यायले खिंडीच्या खालूनच वापस फिरवलं. चालते, चालते म्हणे, पण बाटलीचं झाकण लावता येत नव्हतं. लय चिडले माह्यावर. मंग खाली आल्यावर रडले." ती उठली. तिने घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं झाले. नियम फक्त पहाडावरच्या माणसायलेच हाये, असं मी म्हटलं नाई बरं."

उतरताना माधवी सगळ्यांच्या मागे राहिली. टावरच्या दगडाशी आल्यावर तिने सॅक काढून ठेवली आणि वर चढली. बाकीचे थांबले, जो तो दुसरीकडे पाहू लागला.

"कुलदीप, इथं एक नियम आहे. चालते सोडून बोलायचं."

"कोणाचा नियम?"

"पहाडाचा."

पलीकडे त्याने दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग तो बोलायला लागला. सकाळी जाग आल्यावर रोशनी तिला शोधत न्हाणीघरापर्यंत धावली होती. ओल्या फरशीवर घसरली, आणि हनुवटी आपटली. रक्त आलं, दोन थेंब. टाका लागणार नाही, शेजारच्या शकुबाईंना दाखवलं. त्या वीस वर्षं नर्स होत्या. बर्फ लावला. अर्धा तास रडली आणि त्याच्या पोटावरच झोपली, म्हणून टीव्ही बंद होता, म्हणून तो हळू बोलत होता. दोन तास तो हलला नव्हता. आता ती उठून वरणभात जेवली होती. अर्धाच. ताप नव्हता, तरी त्याने दोनदा मोजला होता.

"आन मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी पण. दवाखान्यात कागदावर तिचं नाव लिहिता नाई आलं मले. नर्सनं लिहिलं. तुले सांगितलं असतं तर तू यष्टीत तीन घंटे..." त्याने वाक्य सोडून दिलं.

माधवी दगडावर बसली. काळा दगड उन्हाने तापला होता.

"टेंगूळ केवढं आहे?"

"लिंबाएवढं." मग लगेच, "नाई, बोराएवढं. खरंच सांगून राह्यलो."

ती हसली तेव्हा खाली उभ्या असलेल्यांनी वर पाहिलं. ती उतरून आली. रुखमा सॅक धरून उभी होती.

"कसं वाटते, ताई?"

"लेकराची हनुवटी फुटली," माधवी म्हणाली. तिचे डोळे ओले होते, आणि चेहरा पार सैलावला होता. "आणि मला लय भूक लागली."

रुखमाने तिच्या पाठीवर सॅक चढवली आणि उजव्या खांद्यावरचा पट्टा एक घर सैल केला.

गावात सुकलूकाकांच्या अंगणात पंगत बसली. भात, वरण, लाखोळीच्या पानांची भाजी. पहाड चढून आलेला तांदूळ गोड लागतो, असं मास्तरीण म्हणाली, आणि त्यावर कोणीच वाद घातला नाही. जेवणं झाल्यावर रुखमाने एकेकाला बाजूला बोलावलं. माधवीला म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत फॉर्म पाठवा. घरच्यांची सही एका जागी असते, तिथं नुसती सही नको, दोन ओळी लिहून पाहिजे. दिनेशभाऊंना तिने सांगितलं की यंदा नाही.

"चाल..." दिनेशभाऊ म्हणाले, आणि थांबले. त्यांनी हात पुसला. "वाईट वाटलं. लय वाईट वाटलं."

"मंग मार्चमध्ये एकदा या," रुखमा म्हणाली. "आता तुमच्यासंगं बोलता येते."

संध्याकाळच्या यष्टीने माधवी चंद्रपूरला उतरली, आणि ऑटो करून घरी आली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. दार उघडंच होतं. कुलदीप रोशनीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभा होता. रोशनीच्या हनुवटीवर पट्टी होती आणि पट्टीखाली खरोखरच बोराएवढं टेंगूळ. माधवीने बूट न काढताच वाकून पाहिलं.

"दुखते का गं?"

रोशनीने आधी बाबाकडे पाहिलं. मग आईकडे.

"चालते," ती म्हणाली.

कुलदीपने मान खाली घातली. माधवीने सॅक भिंतीला टेकवली.

"मग आता दहा मिनिटं बसावं लागते," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली. रोशनी बापाच्या कडेवरून घसरून तिच्या मांडीवर आली. कुलदीप जरा वेळ उभा राहिला, मग तोही शेजारी बसला. समोरून एक स्कूटर गेली. शकुबाईंच्या घरून फोडणीचा वास येत होता. रोशनीने आईच्या बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधायचा प्रयत्न केला, आणि सोडून दिला.

"इथी दुखते," तिने बोटाने दाखवलं. "आन इथी नाई."

"बरं," माधवी म्हणाली.

"मेमध्ये किती तारीख हाये?" कुलदीपने रस्त्याकडे बघत विचारलं.

"नऊ."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "बारा दिवस. मले लय जड जाईन," तो म्हणाला. "पयला आठवडा तर लयच."

माधवीने डोकं चौकटीला टेकवलं. पाय दुखत होते, टाच जळत होती, आणि मांडीवरचं ओझं सहा किलोपेक्षा पुष्कळ जास्त होतं. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.