कोव्हार हॉलच्या टेपा

क्लोव्हिस टायनरसारखं फिडल, म्हणजे नाचगाण्यातलं व्हायोलिन, आमच्या टेक्सासच्या त्या भागात दुसरं कुणी वाजवत नसे. मी त्याच्या शेजारी उभा राहून अकरा वर्षं बास वाजवला. दर शनिवारी कोव्हार हॉलमध्ये नाच असायचा आणि त्यातले बरेचसे मी टेपवर घेतले होते. मशीन माझ्या पायाशीच असे. त्या टेपा कधी बाहेर आल्या नाहीत. बँड मोडला, एकेक माणूस गेलं, उरलो आम्ही दोघं.

मागल्या वसंतात ऑस्टिनहून डार्ला नावाची मुलगी आली. तिची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सगळं ऐकलं.

"चौऱ्याहत्तरच्या जुलैची टेप सगळ्यात भारी," ती म्हणाली. "त्यातली ती वॉल्ट्झ नाचाची धून नसेल तर रेकॉर्ड काढण्यात अर्थ नाही. फक्त त्याच्या आधीचं बोलणं कापावं लागेल."

"कसलं बोलणं?" मी विचारलं. मला चांगलं माहीत होतं.

जुलैतल्या त्या शनिवारी क्लोव्हिसचा चार वर्षांचा मुलगा ड्यूई तापाने फणफणला होता. गाडी क्लोव्हिसकडे, म्हणून त्याच्या बायकोने, नेल्डाने, हॉलवर फोन केला. हॉल चालवायची व्लास्टा कोव्हार. फोन तिनेच घेतला. दुसऱ्या दिवशी पोर इस्पितळात दगावलं. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाला.

क्लोव्हिसने नेल्डाला सांगितलं, "व्लास्टाने मला नाच संपल्यावर सांगितलं."

व्लास्टा म्हणत राहिली, "मी लगेच स्टेजपाशी जाऊन सांगितलं होतं." कुणाला पटलं नाही. बिअर विकण्याच्या नादात विसरली असेल, असंच लोक बोलले. चर्चच्या पायऱ्यांवर नेल्डा तिला सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं पोर तू मारलंस." दोन वर्षांत व्लास्टाने हॉलला कुलूप लावलं.

टेपवर व्लास्टाचा आवाज स्वच्छ आहे. "क्लोव्हिस, घरून फोन आहे. पोराला फार ताप आहे, लगेच ये म्हणते."

मग क्लोव्हिस हसतो. "पोरांना ताप यायचाच. सांग तिला, एवढं झालं की निघतो."

आणि तिसरा आवाज, "चल रे, वॉल्ट्झ घे. लोक उभे आहेत."

तो माझा. त्यानंतर वीस मिनिटं क्लोव्हिस जे वाजवतो, तसं त्याने पुन्हा कधी वाजवलं नाही.

ही टेप मी त्याच ऑगस्टमध्ये ऐकली. पोर गेलंय, आता बायकोही याला सोडून जाईल, म्हणून गप्प बसलो. तीन वर्षांनी ती त्याला सोडून गेलीच. मग कशासाठी गप्प होतो, ते मी स्वतःला विचारलं नाही. टेप लावायचो ती वॉल्ट्झपासूनच.

सहीचे कागद घेऊन मी क्लोव्हिसकडे गेलो. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. बोटं संधिवाताने वाकडी झालेली.

"अजून मेला नाहीस वाटतं?" तो म्हणाला.

"आधी तू. तुझी शवपेटी उचलायला कुणी नको का?"

तो हसला. मग कागद पाहून म्हणाला, "जुलैची आहे यात?"

"आहे."

"बोलण्यासकट?"

"ते कापतील म्हणे."

"मग झालं तर. कुठं करायची सही?"

"क्लोव्हिस, व्लास्टा..."

"ती जाऊन बारा वर्षं झाली, ऑर्व्हिल. तिला आता काय फरक पडतो?"

त्याने सही केली. वाकड्या बोटांनी तेवढ्यालाही बराच वेळ लागला.

ते कागद मी डार्लाला पाठवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीन गाडीत टाकलं आणि नेल्डा जिथे राहते त्या वृद्धाश्रमात गेलो. तिला टेप ऐकवली. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, हलली नाही.

"शेवटचा आवाज तुझा ना?" तिने विचारलं.

"हो."

"नीघ आता."

दारापर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, "व्लास्टाच्या मुलीचा नंबर देऊन जा."

क्लोव्हिसला नेल्डाने कळवलं. त्याचा मला एकदाच फोन आला. "सही फाडून टाक," एवढंच बोलला. नोव्हेंबरात तो गेला. त्याची शवपेटी उचलायला मला कुणी बोलावलं नाही. डार्लाने आणखी दोनदा फोन केला, मग तिनेही नाद सोडला.

नाताळाआधी व्लास्टाची मुलगी, हेडविग, माझ्याकडे आली. साठीची असेल. मी वॉल्ट्झ लावू लागलो तर म्हणाली, "गाणं नको."

आईचं ते वाक्य तिने तीनदा ऐकलं. मग स्वतःच मशीन बंद केलं.

"आईने मरेपर्यंत हेच सांगितलं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मलाही वाटायचं, विसरली असेल. मी तिला तसं बोललेही होते."

मी कॉफी ओतली होती. तिने कपाला हात लावला नाही. कोट घातला, दार उघडं टाकून ती गाडीकडे गेली.