थरथर

वीरेशनं कापडी पट्टी ताणून बांधलेली काठी दोन्ही हातांनी उभी धरली आणि हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांच्या टोकाकडं हळूहळू नेली. फटकन आवाज आला तसा तो मागं सरला. एका पात्याच्या टोकाला त्यानं निळा खडू लावला होता, दुसऱ्याच्या तांबडा. कापडावर दोन्ही रंग एकमेकांवर बसले होते. पाती एकाच उंचीवरून फिरत होती.

कृष्णात कॅप्टननी इंजिन बंद केलं.

"आण्णा, तोल मोजायच्या यंत्रानं सकाळीच सांगितलंतं. आता कापडबी तेच सांगतंय," वीरेश म्हणाला.

"मग हादरा कशाचा? चालवताना दांडा धरला की हाताला लागतोय."

आठवडाभर हेच चाललं होतं. कॅप्टन तक्रार करत. वीरेश हलक्या पात्याला वजन लावी, काढी, पुन्हा तोल बघे. नेसरी गावातून आलेल्या वीरेशला हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या कामाला लावलं ते कॅप्टननीच. त्यांचा शब्द त्यानं कधी डावलला नव्हता. पण राधानगरीकडचा रस्ता पुराच्या पाण्याखाली होता आणि उद्या डॉक्टरांना घेऊन तिकडं उतरायचं होतं.

"एक चक्कर मारूया. मी बसतो शेजारी," वीरेश म्हणाला.

वर गेल्यावर उसात शिरलेलं गढूळ पाणी दिसलं. वीरेशनं पाठ टेकवली, पाय दाबले, तळवा दारावर ठेवला. हेलिकॉप्टर नेहमीसारखंच चाललं होतं.

"कळतंय का?" कॅप्टननी विचारलं.

त्यानं तळवा दारावरून काढून बैठकीवर टेकवला.

उजळाईवाडीच्या विमानतळावर ते परत उतरले. इंजिन थांबलं, मग पातीही थांबली. त्या शांततेत बारीक टकटक ऐकू येऊ लागली. कॅप्टन कमरेचा पट्टा सोडवत होते आणि हेलिकॉप्टर थांबलं तरी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांखाली बक्कल वाजतच होतं. वीरेश समोरच्या काचेकडं बघत राहिला. मग त्यानं न बघताच हात लांबवून त्यांचा पट्टा सोडवला.

"पात्यांत काय न्हाय नव्हं?" कॅप्टन म्हणाले.

"न्हाय, आण्णा."

"तू रोज तपासायचास, तवा वाटायचं, आज तरी कायतरी सापडंल."

"उद्या उडवायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवाय लागंल."

"तू सांगणार, का मी?"

"तुम्हीच सांगा."

कॅप्टननी मान हलवली. उजवा हात खिशात घालून ते खाली उतरले आणि फोन करायला ऑफिसकडं चालू लागले. त्यांची चाल मात्र नेहमीसारखीच ताठ होती.