मृतांच्या रकान्यातले नाव

इझाबेलने चमचा ओठांपाशी नेताच म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवले. पेजेचा ओघळ त्याच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला. तिने तो ओल्या फडक्याने टिपला आणि चमचा पुन्हा भरला.

“बाबा, दोन घास तरी घ्या. आज तिसरा दिवस.”

“मेलेल्याला पेज भरवतेस होय गो?” सेबॅस्टियन भिंतीलाच म्हणाला. “उमेळे गावात नवी रीत काढलीस.”

गुरुवारी सासऱ्याला अठ्ठ्याऐंशी वर्षे पुरी झाली, म्हणून सकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, त्याच्या नावाने आभार मानावेत अशी चिठ्ठी तिने दिली होती. अंथरुणाला खिळल्यापासून तो चर्चमधली मिस्सा मोबाइलवर पाहत असे. त्या दिवशीही तिने मोबाइल उशीला टेकवला आणि हात जोडून शेजारी बसली. आभाराची नावे वाचून झाली, मृतात्म्यांची यादी सुरू झाली, आणि तिच्यात शेवटी, अगदी खणखणीत उच्चारात, सेबॅस्टियनचे नाव आले.

“तुझी मागणी पोचली बघ वर,” एवढेच म्हातारा बोलला. तेव्हापासून त्याने तिच्या हातचे काही घेतले नव्हते. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तेवढा तो स्वतः उचली. इझाबेलने धर्मग्राम कार्यालयात फोन केला आणि आयुष्यात प्रथमच चर्चच्या माणसाशी आवाज चढवून बोलली. तुमच्या चुकीपायी इथे एक माणूस उपाशी मरतो आहे, असे तिने सुनावले.

चार वर्षांपूर्वी ज्युड, तिचा नवरा आणि म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा, छातीत कळ येऊन गेला. इस्पितळात न्यायला हिनेच उशीर केला, असे सेबॅस्टियन दफनाच्या दिवशी सर्वांसमक्ष म्हणाला आणि पुढे रोज म्हणत राहिला. तिने कधी उलट शब्द काढला नाही. त्याच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी ती क्रूसाची खूण करी आणि त्या एका दिवसापुरती प्रीती मागून घेई. मागितली तेवढी मिळते, अशी तिची समजूत होती. फादरांनी उपवासकाळातल्या एका प्रवचनात, नाव न घेता, तिचाच दाखला दिला होता. तेव्हा बाकांवरची निम्मी डोकी तिच्याकडे वळली होती.

दुपारी कार्यालयातला फ्लॉईड आला. पन्नाशी उलटलेला हा माणूस खाटेजवळ अपराध्यासारखा उभा राहिला.

“सेबॅस्टियनकाका, चूक माझी. चिठ्ठ्यांवरून यादी मीच उतरवतो. वहिनींनी बरोबर लिहिलं होतं, मला धड दिसलं नाही.”

“आंधळा झालास काय रे?”

“झालो म्हणा.”

“मग तुझ्या खुर्चीत मला बसव. मेलेला चालेल, आंधळा नको.”

फ्लॉईड हसला. म्हाताऱ्याने मान भिंतीकडून वळवली. मग, इझाबेलकडे न पाहता, त्याने तोंड उघडले. तीन चमचे पोटात गेल्यावर तो फ्लॉईडला म्हणाला,

“मला वाटलंच होतं. मी हिला वाट्टेल ते बोलतो, पन ही असं करनार नाय.”

इझाबेलचा हात अधांतरी राहिला. चार वर्षांत तो तिच्याविषयी प्रथमच बरे बोलला होता.

फ्लॉईडला पोचवायला ती फाटकापर्यंत गेली. तिथे त्याने खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून तिच्या हाती दिली.

“फाडून टाका, वहिनी. कार्यालयात नको राहायला.”

तो गेल्यावर तिने घडी उलगडली. छापील चिठ्ठीवर दोन रकाने होते: एक आभारासाठी व प्रकृतीसाठी, दुसरा मृतात्म्यांसाठी. दुसऱ्या रकान्यात सासऱ्याचे नाव होते, आणि अक्षर तिचे होते.

दर महिन्याला ती त्याच रकान्यात ज्युडचे नाव लिहीत असे; हात सवयीने तिकडे वळला असेल. असेलच, असे तिने स्वतःला दोनदा सांगितले. लिहिण्याचा तो क्षण आठवायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही केल्या आठवेना. आठवले ते एवढेच, की चिठ्ठी देऊन परतताना तिला कितीतरी दिवसांनी फार हलके वाटले होते.

ती आत आली आणि खाटेच्या कडेला बसली. म्हाताऱ्याने तोंड उघडले. तिने चमचा उचलला नाही.

“बाबा, फ्लॉईड खोटं बोलला. मीच लिहिलं.”

तिने चिठ्ठी त्याच्या हातात दिली. तो ती डोळ्यांच्या अगदी जवळ धरून पाहत राहिला. आता आवाज चढेल, भांडे भिरकावले जाईल, म्हणून ती खाली मान घालून थांबली.

“ज्युडचं ह्याच रकान्यात लिहितेस?”

“हो.”

“त्याच्या जागी माझंच पायजे होतं. चार वर्षं देवाला तेच सांगतोय. तो ऐकत नाय. तू तरी ऐकलंस.”

त्याने चिठ्ठीची पुन्हा घडी केली आणि जपून उशीखाली सारली.

“पेज गार झाली,” तो नेहमीच्याच स्वरात खेकसला. “गरम करून आन.”

इझाबेलने भांडे हातात घेतले. पण तिला उठता येईना.