तिरक्या तारेवरचा निरोप्या

मी एक जुना पितळी गोळा आहे, मित्रांनो. पोटात आरपार भोक, अंगावर हिरवट डाग. बोटीवर मला निरोप्या म्हणत. नाव मोठे, लक्षण खोटे म्हणाल, कारण बोलता मला येत नाही. तारेला बांधलेली उघडी बाटली समुद्रात सोडत आणि मग त्याच तारेवरून मला. मी आदळलो की बाटलीची झाकणे मिटत आणि तिथले पाणी आत कोंडले जाई.

कारखान्यात ओतून, कानशीने घासून मला समुद्राचे पाणी तपासणाऱ्या एका बाईंकडे दिले. समुद्र मला त्यांच्याच बोलण्यातून कळला. वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी लोटून नेतो, तेव्हा खालचे थंड पाणी वर येते. तळाशी कुजलेल्या जिवांचे खत त्यात भरपूर, पण प्राणवायू फार थोडा. ते आधी मासे गुदमरवते. मग उजेडात आले की त्याच खतावर सूक्ष्म हिरव्या वनस्पती वाढतात आणि त्या खायला माशांचे थवे जमतात. मारणारा आणि पोसणारा प्रवाह एकच. मला यात नवल वाटत नाही, मी पितळेचा आहे.

बाईंच्या धाकट्या बहिणीने किनाऱ्याजवळ जाळ्याच्या पिंजऱ्यात मासे वाढवले होते. पिंजरा दहा मीटर खोल, मेहनत दोन वर्षांची. एका सकाळी पाणी एकदम गार लागले, म्हणून दोघी बोट घेऊन आल्या. बाईंनी वीस मीटर तार सोडली. बाटलीत आलेल्या पाण्यात प्राणवायू जवळपास नव्हताच.

"खराब पाणी वीस मीटरवर आहे," बाई म्हणाल्या. "तुझा पिंजरा दहालाच संपतो. आज तरी धोका नाही."

मला मात्र शंका होती. एरवी मी सरळ पडतो, त्या दिवशी घसरगुंडीवरून यावे तसा घासत उतरलो होतो. पण सांगणार कसे?

खात्रीसाठी त्यांनी बाटली पुन्हा सोडली. धाकटी तारेवर हात ठेवून माझ्या ठोक्याची वाट बघत होती.

"तायडे, तार बघ जरा. खाली कुठे जातेय? बोटीमागे पळतेय ती."

बाईंचा चेहरा उतरला. प्रवाहाने बाटली बाजूला ओढली होती; तार वीस मीटर सुटली, पण तिरकी, म्हणून बाटली तितकी खोल गेलीच नव्हती.

"मग हे वीस नव्हेच गं. जेमतेम बारा असेल. आणि पाणी अजून चढतंय."

पिंजरा ओढून न्यावा तर प्रवाह उलटा आणि बोट लहान. धाकटीने चाकू काढला.

"विचार कर," बाई म्हणाल्या. "एकदा गेले की गेले."

"मेलेले मोजण्यापेक्षा गेलेले परवडले," ती म्हणाली आणि तिने वरच्या बाजूने जाळे फाडले. मासे निघून गेले. मग ती बोटीत बसून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर खेकडे आणि तळाचे मासे मरून पडले होते. धाकटीचा त्यात एकही नव्हता.

आता बाईंकडे स्वतःच खोली मोजणारे यंत्र आहे, आणि मी टेबलावर कागद दाबतो. मला पुसा, नका पुसू. पण मित्रांनो, समुद्राचा आकडा हाती आला तर तो कोणत्या वाटेने आला, तेही बघत जा.

धाकटीने जाळे शिवले आहे. नवी पिल्ले सोडण्याआधी ती विचारते, "तायडे, पाणी कुठवर आलंय?" बाई आकडा वाचतात आणि पुन्हा एकदा मोजतात.