चक्रीतले कुंकू

सुष्माचे लग्न झाले त्याच वर्षी माझा जन्म झाला. साल १९९६. घरापुढे मांडव पडत होता आणि नवरीचे वडील महादेवराव मात्र वर्कशॉपात लेथवर वाकून मला कातत होते. त्यांच्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी, निरोपावर निरोप धाडले. शेवटी हळद लागायच्या वेळी ते घरी पोचले, तेव्हा त्यांच्या केसांत ॲल्युमिनियमचा चुरा होता आणि खिशात मी होते.

मित्रांनो, मी मासे धरायच्या काठीला बसवायची चक्री आहे. माझ्याभोवती दोरी गुंडाळलेली असते. माझ्या पोटात बुचाची एक चकती आहे. तो माझा ब्रेक. मोठा मासा पळू लागला की मी दोरी सोडते, पण धरून धरून सोडते. सगळी कला त्यातच आहे. एकदम सोडली तर मासा जातो, आणि अडकले तर दोरी तुटते.

कावेरीकाठी मासेमारीला आलेल्या एका पाहुण्याची मोडकी चक्री महादेवरावांकडे दुरुस्तीला आली होती. त्यांनी ती उघडली, पाहिली आणि तशीच दुसरी केली. ती मी. त्या पाहुण्याने त्यांना फेकही शिकवली. त्यात गांडूळ नाही, आमिष नाही. गळाला पिसे बांधून खोटा मासा करायचा आणि दोरीच्या वजनावर तो लांब फेकायचा. महादेवराव त्या पिसांत सरस्वतीबाईंच्या जुन्या साडीची जर गुंफत. पाण्यात ती लहान माशासारखी चमके.

"माझी लग्नातली साडी आता मासे नेसतात," असे सरस्वतीबाई शेजारणींना सांगत.

आमचे घर म्हैसूरला, अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत. तिथे समुद्र कुठला? पण दर हिवाळ्यात महादेवराव मला घेऊन बसने घाट उतरत आणि कुंदापूरजवळ, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे जात. तिथला रघु नावेवाला त्यांचा मित्र. त्याच्याकडून ते हिवाळ्याचे पाणी वाचायला शिकले. पावसाळ्यात नदी लाल माती आणते आणि माशाला काही दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषापर्यंत गाळ खाली बसतो आणि पाणी हिरव्या काचेसारखे होते. अष्टमीच्या सुमाराला भरती पहाटेच संपते, म्हणून सकाळी ओहोटी मिळते. ओहोटी खाडीतल्या लहान माशांना बाहेर ओढते आणि त्यांच्या वाटेवर जिताडा दबा धरून बसतो. पहाटेच्या गार पाण्यात तो सुस्त असतो. उन्हाने उथळ पाणी जरा तापले की हलतो. तोवर वारा जमिनीकडून वाहतो, पाठीवर हात ठेवल्यासारखा. दहा वाजले की तो उलटतो आणि समुद्राकडून येऊ लागतो. मग फेकलेली दोरी आपल्याच तोंडावर येते. म्हणजे दिवसाचे दोनच तास खरे.

त्या दोन तासांत मी कितीतरी जिताडे थकवले. रघु लोकांना बोलावून मला दाखवी. पण मासा बसने म्हैसूरला न्यावा कसा? तो रघुच्याच घरी शिजे. महादेवराव घरी येत ते रिकाम्या हाताने. आल्याबरोबर मला उघडून गोड्या पाण्याने धूत, तेल देत, आणि मग स्वतः चहा घेत.

"सव्वीस वर्षं समुद्राला जाता, एक मासा दाखवला नाही," सरस्वतीबाई म्हणत. "असतात तरी का तिथं?"

महादेवराव हसत. चल म्हणून त्यांनी कधी विचारले नाही, आणि येते म्हणून बाईंनी कधी म्हटले नाही.

मग त्यांचे हृदय थकले. हात कापू लागले. डॉक्टरांनी प्रवास कमी करायला सांगितले आणि सुष्माने तर समुद्राचे नावच काढू नका म्हणून बजावले. तेव्हा सरस्वतीबाई म्हणाल्या, मी बरोबर जाते, लक्ष ठेवते. महादेवराव त्या दिवशी दोनदा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हा हिवाळा शेवटचा, हे त्यांना कळले होते. हिला एक मासा दाखवायचा, एवढेच त्यांना हवे होते.

त्याआधी दसरा आला. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. घरात आता तलवार नाही, पण आयुधपूजा चुकत नाही. तलवारीच्या जागी पाना, कानस, विळी आणि मी. दरवर्षी महादेवराव माझ्या पाठीवर कोरड्या कुंकवाचे एक बोट लावत. त्या वर्षी हात कापत होते म्हणून पूजा बाईंनी केली. मी ताटात आडवी होते. त्यांनी गंध, हळद आणि कुंकू पाण्यात कालवले आणि मला भरभरून माखले. एवढा लांबचा प्रवास, हिला काही कमी पडू नये, असे त्या पुटपुटत होत्या. ते ओले गंध माझ्या फटीतून आत उतरले आणि बुचाच्या चकतीवर जाऊन बसले.

मला तोंड असते तर मी सांगितले असते. पण मला फक्त फिरता येते.

या घराची एक रीत आहे. आयुधाला लावलेले कुंकू पुसायचे नाही, ते आपोआप झिजू द्यायचे. निघण्याआधी महादेवराव मला नेहमी उघडत. त्यांनी स्क्रूवर बोट ठेवले, कुंकवाकडे पाहिले आणि बोट काढून घेतले. बायकोच्या हाताचे कुंकू होते ते. दोरी ओढून पाहिली, तर मी जरा जड फिरले. थंडीने बूच आखडले असेल, असे म्हणून त्यांनी मला पिशवीत ठेवले. आत गंध वाळून मातीसारखे घट्ट होत होते.

१४ जानेवारी २०२३, भोगीचा दिवस. पाणी स्वच्छ, ओहोटी लागलेली, वारा पाठीवर. नावेत रघु, महादेवराव, आणि पदर कमरेला खोचून बसलेल्या सरस्वतीबाई. साडेनऊपर्यंत काही नाही. बाई रघुला कन्नडमध्ये म्हणाल्या, मासे सणाला गावी गेलेले दिसतात. रघु हसला. तेवढ्यात जरीवर झडप पडली.

जिताडा मोठा होता. तो पाण्याबाहेर पूर्ण उडाला आणि उन्हात चांदीच्या ताटासारखा चमकला. मग समुद्राकडे पळाला. मी फिरले, एक वेढा, दुसरा वेढा. वाळलेले गंध गोळा होऊन चकतीत अडकले आणि मी थांबले. फिरायचा मी किती प्रयत्न केला हे मलाच ठाऊक. दोरी तटकन तुटली.

महादेवरावांनी मला उलटे केले. फटीतून लाल भुकटी त्यांच्या बोटावर आली. त्यांनी ती पाहिली आणि बोट धोतराला पुसले.

"रायरे, काय झालं?" रघुने विचारले. रायरे म्हणजे रावसाहेब.

"गाठ," महादेवराव म्हणाले. "माझीच गाठ सैल होती. हात कापतात ना."

सरस्वतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दिसला मला," त्या म्हणाल्या. "केवढा होता हो. साकु." साकु म्हणजे पुरे.

मग वारा उलटला आणि आम्ही परतलो.

घरी आल्यावर त्यांनी मला धुतले नाही. मला उघडायचे तर बाईंसमोर लाल गंध बाहेर येणार, आणि बाई घरातून हलत नव्हत्या. त्या देवळात गेल्या की धुऊ, असे त्यांच्या मनात असावे. पण महादेवरावांची तब्येत बिघडली आणि बाई देवळात गेल्याच नाहीत.

त्यानंतर तीन आयुधपूजा झाल्या. सरस्वतीबाई दरवर्षी मला तितक्याच मायेने गंध माखतात. समुद्राचे मीठ माझ्या पोटात आहे. त्याने स्क्रू खाल्ले, चकती खाल्ली. गेल्या दसऱ्याला सुष्माने मला फिरवून पाहिले आणि विचारले, "आई, हे अडकलंय. उघडून धुऊ का?"

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांनी ठेवलं तसं असू दे."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे हत्यार असेल तर त्याला जरूर नमस्कार करा. पण आधी ते उघडून पाहा. खारे पाणी लागले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, कोरडे करा, थेंबभर तेल द्या. ज्याला बोलता येत नाही त्याच्या पोटात काय चालले आहे, हे बाहेरच्या कुंकवावरून कळत नाही.

महादेवराव गुरुवार, २ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी अग्रहारातल्या घरी वारले. गाठ पक्की होती, हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही.